बँडशिवायचा व्हिडिओ

प्रिय रुची,

शाळेत पत्राचा मायना असाच शिकवलाय, म्हणून 'प्रिय'. तुला मी सगळीकडून ब्लॉक केलंय, तेव्हा टपालानेच लिहिणं आलं. मामाने आधी फोडलं तर तुझं नशीब.

तुमच्या ओमेश्वरदादाच्या हळदीच्या दिवशी जेवणं उरकून आपण पोरी तुमच्या माडीवर आडव्या झालो. मला पडल्या पडल्या झोप लागली. मी घोरते, झोपेत गुदमरून दचकून उठते आणि मग पुन्हा डोळा लागायचीच भीती वाटते, हे मी आईलाही सांगितलं नव्हतं. सख्खी बहीण नाही म्हणून मामेबहिणीला, तुला एकटीला सांगितलं होतं. आणि तू काय केलंस? मोबाइल धरलास, माझ्या घोरण्यावर वरातीचा बँड लावलास आणि भावंडांच्या ग्रुपवर टाकून मोकळी झालीस. तिथून तो व्हिडिओ तुमच्या आमगावहून गोंदियाला, माझ्या वर्गात पोचला. आता मी आत शिरले की मागच्या बाकावरची पोरं तोंडाने बँड वाजवतात. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, रुची.

माझं वजन जास्त आहे, मला दिसतं ते. घरी त्याचं कौतुकच होतं. आजी आल्यागेल्याला सांगते, खात्यापित्या घरची पोरगी आहे. वर्गात डुलकी लागली की मॅडम म्हणतात, काऊन व, घरी झोपून नाही आली का? अहो, झोपूनच येते, तरी डोकं जड ते जडच. सगळ्यांनी मला आळशी ठरवलं आणि मलाही ते पटलं होतं.

रोज सकाळी डोकं दुखायला लागलं तेव्हा आईने डॉक्टरांकडे नेलं. घोरते का, असं त्यांनी विचारलं, तर सोबत आलेल्या आमच्या धाकट्या टिंकूने शहाणपणा करून तुझा व्हिडिओच पुढे केला. डॉक्टर हसले नाहीत. पुन्हा लावून माझ्या छातीची हालचाल पाहिली आणि म्हणाले, ही गाढ झोप नाही, पोरीचा श्वास मधेच अडतो आहे. वजन कमी करावं लागेल, टॉन्सिलही पाहावे लागतील, झोपेची तपासणी नागपूरला होईल. आईचा चेहरा एवढासा झाला. व्हिडिओ कुणी काढला म्हणून तिने विचारलं. मी माहीत नाही म्हटलं, टिंकूलाही डोळे वटारले.

आता कशासाठी लिहिते ते ऐक. नागपूरचा नंबर दिवाळीनंतरचा आहे. श्वास किती वेळ थांबतो ते नीट कळलं तर आधी बोलावतील, पण तुझ्या बँडमुळे काही ऐकू येत नाही. आई मोबाइल घेऊन शेजारी बसते, पण आता कुणी जवळ बसलं की मला झोपच येत नाही. बँडशिवायचा व्हिडिओ फक्त तुझ्याकडे आहे. तो बाबांच्या नंबरवर पाठव. त्यात तुझं हसणं असणार. माझा श्वास थांबला होता आणि तू मला हलवलंसुद्धा नाहीस, हे आई आपल्या डोळ्यांनी बघणार. ती अजून म्हणते, रुचीसारखी माया कुणी करत नाही तुझ्यावर. इतके दिवस तुला झाकलं, आता नाही जमत. मला श्वास घ्यायचाय. काही न कापता पाठव.

तुझीच, पण आधीसारखी नाही,
दुर्गेश्वरी