अर्ध्या उंचीचा अर्धा खुराक

३ मार्च. सकाळी ७.
ताई गुडघ्याच्या ऑपरेशनला गेली आणि तिची बुटकी घोडी तीन महिन्यांसाठी आमच्या परसात सोडून गेली. नाव राणीसरकार. उंची माझ्या कमरेएवढी, तोरा छपराएवढा. सोबत एक कागद. सुकं गवत रोज दीड किलो, तोलून, तीन वेळा विभागून. क्षारांची पूड एक चमचा. धान्य नाही, पाव नाही, साखर नाही.
जाताना म्हणाली, एवढं तरी नीट कर, लहानपणी माझं सशाचं पिल्लू तुझ्याच हातून गेलं होतं. बावन्न वर्षं झाली, अजून उकरून काढते. या वेळी दाखवतोच. घोडामैदान जवळच आहे.

४ मार्च.
दीड किलो गवत तोलून पाहिलं. चिमणीलाही घरटं बांधायला कमी पडेल. ताई जनावर पाळते की उपास घडवते?
लायब्ररीतून शर्यतीच्या घोड्यांवरचं पुस्तक आणलं. मोठ्या घोड्याला दिवसाला दहा किलो गवत, चार किलो ओट. राणीसरकारांची उंची मोठ्या घोड्याच्या बरोबर निम्मी. म्हणजे पाच किलो गवत, दोन किलो ओट. साधं गणित. अडतीस वर्षं ड्राफ्ट्समनची नोकरी केली आहे, स्केल मला कुणी शिकवू नये.
हिने विचारलं, निम्म्या उंचीच्या, निम्म्या रुंदीच्या डब्यात निम्मं पीठ मावतं का हो? म्हटलं, स्वयंपाकघर वेगळं, शास्त्र वेगळं. हसत निघून गेली. तिला हसायला निमित्त लागत नाही.

५ मार्च.
चार्ट तयार. तीन रंगांत. ताईच्या कागदाशेजारी भिंतीवर लावला. तिचा कागद अगदीच केविलवाणा दिसतो.

९ मार्च.
मला पाहिलं की राणीसरकार खिंकाळतात. कुंपणापर्यंत धावत येतात. रिटायर झाल्यापासून मला बघून कुणाला आनंद होतो आहे, अशी ही पहिलीच वेळ. घरात मी बोलायला लागलो की टीव्हीचा आवाज वाढतो.
एक गाजर दिलं. बक्षीस. बक्षीस खुराकात धरत नाहीत.

११ मार्च.
बक्षिसं आजपासून दिवसाला सहा. शिस्त म्हणजे शिस्त. सातवं मागितलं, तेव्हा सरळ नाही म्हटलं. सफरचंद दिलं.

१५ मार्च. दुपारी ४.
वजन घ्यायचं ठरवलं. बाथरूममधला काटा परसात आणला. पुढचे दोन पाय काट्यावर, मागचे दोन जमिनीवर, येईल तो आकडा गुणिले दोन. आकडा दिसायच्या आत काच तडकली. काटाच जुना होता. वजन उत्तम आहे असं चार्टवर लिहिलं.

२१ मार्च.
पावाचा तुकडा देताना हिने पकडलं. म्हणालो, शिळा आहे का ते तपासत होतो. म्हणाली, मग घोडीच्या तोंडात तपासता का? उरलेला तुकडा मी स्वतःच खाऊन दाखवला.
ताईचा फोन. विचारलं, सगळं कागदाप्रमाणे चाललंय ना? हो म्हणालो. खोटं कुठे आहे? चार्ट काय कापडाचा आहे?

२८ मार्च.
आज लख्ख उजेड पडला. पोट दोन्ही बाजूंनी सुटलं आहे, चाल मंदावली आहे, चेहऱ्यावर तेज आहे. राणीसरकार दोन जिवांच्या आहेत! आणि ताईने एवढी मोठी गोष्ट कळवली नाही. धन्य आहे! ओट अडीच किलो केले. बाळंतपण मी निस्तरीन. मग बोलू दे सशाबद्दल.

१० एप्रिल.
हल्ली धावत येत नाहीत. पुढचे पाय पुढे टाकून, मागे रेलून, ऐटीत उभ्या असतात. मोठ्या घरच्या लेकीबाळी पहिल्या खेपेला असंच करतात. बादली मीच जवळ नेऊन ठेवतो. ही म्हणते, डॉक्टरला बोलवा. म्हटलं, अजून दिवस भरायचे आहेत.

१२ एप्रिल. सकाळी ११.
हिने मला न विचारता जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं.
डॉक्टरांनी विचारलं, बरगड्या कुठे आहेत? म्हटलं, आत. त्यांनी विचारलं, या परसात नर घोडा कधी आला होता? या मुद्द्यावर त्यांनी विनाकारण वेळ घालवला.
मग खुरांना हात लावला. म्हणाले, तापली आहेत. धान्याने खुरांच्या आत सूज येते, फार दुखतं, म्हणून ती मागे रेलून उभी राहते. ऐट नाही ती. पुन्हा नीट चालेल की नाही, आत्ता सांगता येत नाही. रोज किती देता? चार्ट दाखवला. वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाले, रंग छान आहेत.

१२ एप्रिल. संध्याकाळी.
ताईला फोन करून सगळं सांगितलं. ओरडेल म्हणून फोन कानापासून लांब धरला होता. ओरडली नाही. फक्त म्हणाली, वहिनीला फोन दे.

१३ एप्रिल.
चार्ट काढला. खुरांना बर्फ, खाली मऊ भुसा, दीड किलो गवत, तोलून. मी परसात गेलो की खिंकाळतात. पाय उचलत नाहीत. माझ्यामुळे झालं. लिहून ठेवतो, कारण उद्या मी दुसऱ्याच कुणावर तरी ढकलीन.

२४ एप्रिल.
ओट विकणाऱ्याने दाणे जुने दिले असतील का? चौकशी करायला हवी. केली नाही.

१९ मे. सकाळी ८.
आज पहिल्यांदा चालल्या. मी कुंपणाशी उभा होतो, त्या माझ्याकडे आल्या. सात पावलं, मोजली. डोळे भरून आले, हिच्यासमोरच. हात पुढे केला. रिकामा. राणीसरकारांनी तळवा हुंगला, उलटी बाजू हुंगली, बाहीत नाक घालून पाहिलं. मग वळल्या आणि सात पावलं परत गेल्या.
डॉक्टर फोनवर बेहद्द खूश. चौदा पावलं झाली म्हणाले.