उलट्या बाजूची खूण

रविवार, ८ मार्च

प्रिय आत्या,

पाठ कशी आहे? मशीनवर बसताना उशी घेतेस, की मला बरं वाटावं म्हणून नुसतं हो म्हणतेस? मी ठीक आहे. वेळेवर जेवते.

आधी मागच्या पत्रातली एक चूक दुरुस्त करते. घामाची ओल लागली की आमच्या कापडात कापलेल्या पाकळ्या चार मिनिटांत उघडतात, असं मी लिहिलं होतं. चार नाही, साडेसहा. चार मिनिटं एकाच तुकड्याला लागली होती आणि तो नेमका सर्वांत पातळ होता. तू ते पत्र दुकानात गिऱ्हाइकांना वाचून दाखवतेस असं काकाने फोनवर सांगितलं, तेव्हापासून हा आकडा मला टोचतोय.

पण कापड खरंच चालतं, आत्या. गेल्या आठवड्यात भट्टीवर काम करणारे एक गृहस्थ आमच्या प्रयोगशाळेत त्या कापडाचं जाकीट घालून बघायला आले. वीस मिनिटं जागच्या जागी चालले. घाम फुटला तशा पाठीवरच्या दोनशे पाकळ्या एकेक करून उचलल्या गेल्या. ना तार, ना बॅटरी. ते थांबले, घाम वाळला आणि पाकळ्या पुन्हा बसल्या. मी विचारलं, "कसं वाटलं?" म्हणाले, "तीस वर्षांत पहिल्यांदा कपड्याला माझी कीव आली." मला हसू आवरेना आणि डोळेही भरले. तू तिथे असायला हवी होतीस.

मी पाठवलेलं पाइनचं लाकडासारखं फळ तू बटणांच्या डब्याशेजारी ठेवलंयस ना? त्याच्यावर ओला फडका टाकून बघ. खवले मिटतील, आणि वाळलं की उघडतील. झाडावरून पडून वर्षं झाली तरी ते हेच करतं. प्रत्येक खवल्याला दोन थर असतात. एक पाणी पिऊन फुगतो, दुसरा फुगत नाही, म्हणून खवला वाकतो. इथे हे मला मोठ्या फळ्यावर आकृती काढून समजावलं, तेव्हा मला तुझी कॉलर आठवली. मी सात वर्षांची असेन, शाळेत नावही घातलं नव्हतं, अंक तुझ्या टेपवर शिकत होते. न धुतलेलं अस्तर लावलेली कॉलर पहिल्या धुण्यातच केळीच्या सालीसारखी वळली. तू म्हणालीस, "दोन कापडं एकत्र नांदवायची, तर आधी दोघांना पाण्यातून काढावं. नाहीतर त्यांची भांडणं आपल्या गळ्याशी येतात." आपल्या दुकानात ती भांडणं मिटवायची. इथे मी त्यांनाच कामाला लावलंय.

आता दुसरी चूक. ती आकड्याची नाही.

मी लिहिलं होतं की तीन दिवस विचार केला आणि थर उलटे लावायचं मला सुचलं. मला काहीही सुचलं नव्हतं.

आम्हाला करायचं होतं छत. कोरड्या हवेत किंचित उघडं राहणारं आणि पावसाची ओल लागली की फळासारखंच मिटणारं. त्यासाठी पाणी पिणारा थर बाहेर हवा. जो थर बाहेर यायचा त्यावर खडूने फुली मारायची, हा इथला नियम. यंत्र चालवणारे दादा फुली बघून कापड लावतात. माझ्या हातात खडू आला आणि हाताने तुझं ऐकलं. सुलट बाजू गिऱ्हाइकाची, उलटी आपली, खूण नेहमी उलट्या बाजूला. फुली मी आतल्या थरावर मारली.

तुकडा बाहेर आला तेव्हा आमचे मुख्य तो हातात घेऊन दादांवर कडाडले, "हे उलटं कुणी लावलं?" दादांचं तोंड पडलं. फुली मला लांबूनच दिसली. मी म्हटलं, "मीच. मुद्दाम." दादांना वाचवायचं होतं हे खरं, पण मलाही वाचायचं होतं. मुख्यांनी त्यावर पाणी शिंपडलं. पाकळ्या मिटायच्या ऐवजी वर उचलल्या गेल्या. त्यांनी पुन्हा शिंपडून पाहिलं. मग म्हणाले, "अगं, हे छत नाही. हा घाम फुटणाऱ्या माणसाचा कपडा आहे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दादांनीही. दादांनी माझ्याकडे पाहिलं, आणि फुली पुसून टाकली.

मुख्यांनी विचारलं, "असा विचार करायला कुठे शिकलीस?" मी म्हटलं, "वाचनातून." आत्या, घरी शिवणकाम होतं, असं म्हणायला जीभ उचलली नाही. हे लिहिताना सगळ्यात जास्त लाज याचीच वाटतेय.

आता अहवालात 'रचना उलटवण्याची कल्पना' माझ्या नावावर आहे, आणि तिच्याच जोरावर मला नोकरीत कायम करायची शिफारस. फोनवर हे बोलले असते तर अर्धं गिळलं असतं, म्हणून पत्र.

मी काहीच केलं नाही असं मात्र म्हणणार नाही. ती खोटी नम्रता होईल, आणि ती तुला चालत नाही. उलटं का चालतं हे शोधायला त्यानंतर मी त्रेचाळीस तुकडे केले. पाकळी कुठे कापायची, डिंक किती पातळ लावायचा, शंभर धुण्यांनंतर ती का थकते, हे सगळं माझं. तेवढं मी कुणालाही देणार नाही. पण कल्पनेच्या जागी आता मी लिहिलंय, 'खूण करताना झालेली चूक. कारण, शिवणकामातली सवय. ती सवय आत्याकडून.' शिफारस राहील की जाईल, माहीत नाही. जाईल अशी भीती वाटते. पण ते वाक्य वाचलं की मान आपोआप ताठ होते.

चुकलेली शिवण गिऱ्हाइकाने दाखवायच्या आधी आपण उसवावी, असं तूच म्हणतेस ना? मग एक कर. ज्यांना ते पत्र वाचून दाखवलंस, त्यांना हेही दाखव. साडेसहा मिनिटांसकट.

अहवालावर मुख्यांची सही गुरुवारी अकराला होईल. मी गुरुवारी, १२ मार्चला, सकाळी साडेनऊलाच त्यांच्या दारात उभी असेन.

तुझ्या हाताखाली शिकलेली,
टाचणी