मोठ्या मापाचं हाउसिंग

४ मार्च, मंगळवार
हिची पाव पोचवायची डिलिव्हरी व्हॅन बंद पडली. टर्बो गेला. मुलगी म्हणाली, विकून टाकू बाबा, आई गेल्यावर आता चालवणार कोण? म्हटलं, तू. मग ठरलं: सोळा तारखेला पावाचे क्रेट भरून बेकरीचा चढ चढली तर गाडी राहील, नाहीतर जाईल.
टर्बोचं मी बघतो म्हणालो. शेवटी हवेचाच प्रश्न आहे. विज्ञानात मला बरे मार्क असायचे.

५ मार्च
वाचन सुरू. इंजिनाचा धूर गोगलगाईच्या आकाराच्या कवचातून, म्हणजे हाउसिंगमधून, जाताना एक चाक फिरवतो. त्याच दांड्यावरचं दुसरं चाक ताजी हवा इंजिनात ढकलतं. एवढंच. लोक उगाच बाऊ करतात.
झोप ठीक. भूक ठीक. वाचल्याने मन ताळ्यावर राहतं.

७ मार्च
हाउसिंगला मापं असतात. आतल्या वाटेचं क्षेत्रफळ भागिले तिचं केंद्रापासूनचं अंतर. आकडा लहान तर वाट अरुंद, मोठा तर रुंद. हिच्या गाडीत लहान निघालं. मोठं मागवलं. इंजिनाला मोकळा श्वास मिळायला हवा.

८ मार्च
मेकॅनिक हसला. म्हणाला, काका, मोठ्या मापाचे बूट घातले म्हणून माणूस जोरात पळत नाही. संकल्प: अशा माणसांशी वाद घालायचा नाही.
घरी येऊन मनात वाद घातला. जिंकलो.

१० मार्च
मुलीने बागेतला पाइप माझ्या हातात दिला. तोंडावर अंगठा दाबा म्हणाली. पाणी कुंपणापलीकडे, शेजाऱ्यांच्या शर्टावर. म्हणाली, बघा, वाट अरुंद केली की वेग वाढतो. धुराचंही तेच. आपली गाडी हळू जाणारी, दारोदार थांबणारी. थोड्या धुरातही चाक फिरायला हवं. मोठं हाउसिंग लांबच्या रस्त्याने सुसाट जाणाऱ्यांना.
म्हटलं, ते पाणी आहे, ही हवा आहे.
म्हणाली, तुम्ही मिक्सर दुरुस्त केलात तेव्हा आईला नवा आणावा लागला होता.
विषय भलतीकडे न्यायची सवय अगदी आईची.

११ मार्च, दुपार
अरुंद वाटेतून हवा ओढताना कसा आवाज होतो, ते मुलीने ऐकलेलं नाही. शेवटच्या आठवड्यात मी तिला काही ना काही आणायला बाहेर पाठवायचो. नाकाला नळी असूनही दर श्वासाला हिची मान उशीवरून उचलली जायची. डॉक्टर म्हणाले, श्वासनळ्या फार अरुंद झाल्यात.
मोठंच बसवणार. निर्णय पूर्णपणे तांत्रिक आहे.

१३ मार्च
बसवलं. मेकॅनिक म्हणाला, गाडी तुमची, मर्जी तुमची, फक्त माझ्या गॅरेजचं नाव सांगू नका. गाडी जागेवर सुरू करून ऐकली. आवाज मऊ. कुठेही ओढाताण नाही. रविवारची चिंता मिटली.

१६ मार्च, रविवार
मुलगी चालवत होती, मी शेजारी. अर्ध्या चढावर गाडीने मान टाकली. मागच्या रिक्षावाल्याने विचारलं, ढकलू, की इथेच दुकान मांडताय? खाली उतरून चाकामागे दगड लावला. परत येऊन म्हटलं, थोडा वेळ दे, हवा जमतेय.
ती स्टिअरिंगला कपाळ टेकून बसली होती. म्हणाली, बाबा, मला ही गाडी विकायची नाहीये. कधीच नव्हती. आईची आहे. लहान हाउसिंगला हो म्हणा ना.
पाव रिक्षाने पाठवले. रिक्षावाला खूष.

१८ मार्च
हो म्हणालो. का अडून बसलो होतो, ते तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मेकॅनिकने जुन्याच मापाचं बसवलं. इंजिन सुरू करायच्या आत गॅरेजबाहेर येऊन उभा राहिलो. धुराचा त्रास होतो, म्हटलं.

१९ मार्च
मुलगी भरलेली गाडी घेऊन एकटीच चढावर गेली. चला म्हणाली, मी काम आहे म्हणून खाली थांबलो. काम नव्हतं. आवाज ऐकायचा नव्हता, पण ऐकू आलाच. बारीक शीळ, एकसारखी, वरपर्यंत. धाप नव्हती. अरुंद वाटेनेच गेली आणि सहज गेली.
माथ्यावरून तिने हॉर्न दिला. मी हात केला. इतक्या लांबून दिसला नसेल.
गाडी झाली. आता दुरुस्त करण्यासारखं काही उरलेलं नाही.