गच्चीवरच्या खोलीपर्यंत वायर

ता. ४ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

एक फोन केला की भाऊ भेटतो, तरी पत्र लिहितेय म्हणून हसू नकोस. या घरात फोनवर बोललं की भिंतीसुद्धा मध्ये तोंड घालतात.

माझं काम तुला ठाऊकच आहे. दवाखान्यात ऐकू न येणारा पेशंट आला की मला व्हिडिओवर जोडतात. डॉक्टर बोलतात आणि मी ते खुणांच्या भाषेत सांगते. काल डॉक्टर एका बाईंना सांगत होते, ही गोळी आता घ्यायची नाही. मी ‘गोळी घ्यायची’ इथपर्यंत आले आणि चित्र थिजलं. ‘नाही’ त्यांना दिसलंच नाही. नर्सनं हातातून पाकीट काढून घेतलं म्हणून निभावलं.

राउटर खाली हॉलमध्ये आणि मी गच्चीवरच्या खोलीत. वायफाय जिन्यातच दम टाकतं. कंपनीनं बजावलंय, वायरनं जोडून घ्या, नाहीतर काम बंद. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, हातवारे करायला वायर कशाला लागते? सासूबाई हसल्या. मीही हसले, दादा, आणि त्याचाच राग येतोय.

तू ऑफिसांमधून केबल टाकत हिंडतोस. माझ्या खोलीपर्यंत एक आणून देशील?

आईला नमस्कार. माया आहे तशी असू दे.
तुझी ठकू

ता. ११ जून

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

न द्यायला काय झालं? राउटरपासून भिंतीच्या कडेनं पट्टीतून खिडकीपर्यंत, चौकटीत बोटाएवढं भोक, आणि बाहेरून पाइपातून सरळ वर. विजेच्या तारेपासून तेवढी वीतभर लांब ठेवायची, नाहीतर दोघी जावांसारख्या कुरबुरतात. ऊनपाऊस सोसणारी केबल मीच घेऊन येतो. तू फक्त मेहुण्यांचा होकार मिळव.

लहानपणी तुझी बडबड थांबवता थांबवता आईचा जीव जायचा. आता तू न बोलता पगार घेतेस, धन्य आहे तुझी!

रविवारी येतो. वहिनी आठवण काढते. आमच्यावर जीव आहेच, तो वाढू दे.
तुझा दादा

ता. २ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू वायर टाकून गेलास त्यानंतर वरच्या खोलीत चित्र एकदाही अडकलं नाही. एका बाळंतपणात सकाळपासून दुपारपर्यंत मी त्या मुलीसोबत होते. बाळ रडतंय हे मी तिला सांगितलं, तर तिनं विचारलं, कसं रडतंय? मी म्हटलं, घरमालकासारखं, हक्कानं. घामेजलेली पोर खुदकन हसली.

आता दुसरी बातमी. ह्यांच्या ऑफिसनं घरून काम करायला सांगितलंय. सोमवारी मी भाजी घेऊन परतले तर माझं टेबल जिन्यात, त्यावर पाठीमागे लावायचा माझा निळा पडदा घडी करून ठेवलेला, आणि वायर ह्यांच्या लॅपटॉपला. हॉलमध्ये म्हणे सासूबाईंचा टीव्ही असतो. मला स्वयंपाकघर मिळालंय. तिथं पुन्हा वायफाय, पुन्हा तेच थिजणं.

स्वयंपाकघरापर्यंत दुसरी वायर टाकून दे. नाहीतर ह्यांच्याशी तू बोल. तू शब्द टाकलास तर ऐकतील.

वाट बघतेय.
तुझी ठकू

ता. ९ ऑगस्ट

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राआधीच मेहुण्यांचा फोन आला होता. केबलचं तोंडभरून कौतुक केलं, मीटिंगमध्ये आवाज अजिबात तुटत नाही म्हणाले. खाली आणखी भोकं त्यांना नकोत. घर त्यांचं, मी काय बोलणार?

त्यांच्या ऑफिसच्या नव्या मजल्याचं केबलचं काम माझ्याकडे यायचं चाललंय, तेही त्यांच्याच शब्दावर. तेवढ्यासाठी म्हणतोय असं नाही, पण तू थोडं नमतं घे. राउटर जरा स्वयंपाकघराकडे सरकवून बघ. आईचंही म्हणणं आहे की फार ताणू नये.

रुसू नकोस. तुझी माया आम्हाला हवी आहे.
तुझा दादा

ता. २१ सप्टेंबर

ती. दादास नमस्कार.

राउटर सरकवला होता. टीव्ही अडखळतो म्हणून सासूबाईंनी तो होता तिथं परत नेला.

मागच्या महिन्यात एक म्हातारे गृहस्थ होते. पाय कापावा लागेल, हे डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडून सांगितलं. त्यांनी काहीतरी विचारायला हात उचलले आणि चित्र थांबलं. हात तसेच हवेत. चित्र हललं तेव्हा हात मांडीवर पडलेले होते. काय विचारलंत म्हणून मी पुन्हापुन्हा खूण केली, पण त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांना काय विचारायचं होतं, ते मला कधीच कळणार नाही.

या घरातून काम होणार नाही, असं मी त्याच दिवशी कंपनीला कळवलं. मग ह्यांना सांगायला वर गेले. मीटिंग चालू होती. माझ्याकडे न बघताच त्यांनी हातानं थांबायची खूण केली. तेवढी खूण बरी येते त्यांना! मी थांबले नाही.

आता एका मोठ्या दवाखान्यात पेशंटच्या समोर उभी राहून तेच काम करते. दिवसभर उभं राहून पाय सुजतात. जवळच एक खोली घेतलीय.

ऑफिसचं काम तुला मिळालं असं आईकडून कळलं. नीट कर.

लोभ आहे, दादा, पण खोलीचा पत्ता कळवत नाही. कुणी गोड बोलून विचारलं की तू सांगून टाकशील.
ठकू