दुर्बिणीचा ताप

फुनाबोरी, तोक्यो
डिसेंबरचा पहिला शनिवार, दुपार

तीर्थरूप लक्ष्मीकांतमामांस,

भाचा प्रथमेश याचा, घराच्या सगळ्या खिडक्या लावून आणि पडदे ओढून केलेला साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? मामींची साखर आटोक्यात आहे ना? चिपळूणला यंदा थंडी पडली का, की नुसतीच बातम्यांत आली? इकडे आम्ही खुशाल आहोत. म्हणजे अनघा आणि कादंबरी खुशाल आहेत, आणि माझ्या डोक्यावर आजच्या तारखेला एकही ताजा ओरखडा नाही.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, की कादंबरीच्या दहाव्या वाढदिवसाला आता तिपाईवरची मोठी दुर्बीण पाठवू का. मामा, मोठ्या आदराने सांगतो, आधी पाठवलेल्या लहान दुर्बिणीने इथे काय करून ठेवलंय ते तुमच्या कानावर घालावं म्हणून हे पत्र. फोनवर सांगता येत नाही. एक तर कादंबरी घरात असते, आणि दुसरं म्हणजे तुम्ही हसता. (तुम्ही हसलात की ठसका लागतो, मग मामी फोन घेतात आणि मला पहिल्यापासून सांगावं लागतं.) मला पक्ष्यांची भीती वाटते हे या जगात फक्त तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्याच परसातल्या कोंबड्याने मला विहिरीभोवती पळवलं होतं. तुम्ही ती गोष्ट प्रत्येक लग्नात सांगता आणि ऐकणाऱ्यांना वाटतं मी त्यातून बाहेर आलो. मी आलेलो नाही. चोच दिसली की आजही मी रस्ता ओलांडून पलीकडे जातो. अनघालासुद्धा मी आजवर पत्ता लागू दिलेला नाही.

तर गेल्या हिवाळ्यात माझा मित्र जयेश पुण्याहून येताना तुमची दुर्बीण घेऊन आला. तोपर्यंत आमची पोर शाळेत जवळजवळ बोलत नव्हती. तिच्या बाई फार सौजन्याने म्हणायच्या, की ती छान ऐकून घेते. (इथे मुलांचं असं कौतुक झालं की आईबापांनी काळजीला लागावं.) डब्यातली पोळी बघून कोणीतरी काहीतरी बोललं होतं, तेव्हापासून ती मधल्या सुट्टीत एकटी खिडकीशी उभी राहायची. तुमची दुर्बीण गळ्यात आली आणि तिला खिडकीत उभं राहायला कारण मिळालं. मग वाचनालयाच्या फलकावर तिने खाडीकाठच्या पक्षीनिरीक्षण मंडळाची सूचना वाचली. सगळे सभासद सत्तरीपुढचे. प्रमुख ओकुबो-सान, आवाज इतका मऊ की ते बोलले की नुसते ओठ हलले हे कळत नाही. मंडळाचा नियम असा, की लहान मुलाबरोबर घरचं मोठं माणूस हवं. अनघाला रविवारी निशी-कासाईच्या भारतीय दुकानात बाइतो असतो (अर्धवेळ नोकरीला इथे असं म्हणतात, डाळी भरण्यासाठी एवढा गणवेश घालणारे लोक मी दुसरीकडे पाहिले नाहीत). म्हणजे उरलं मोठं माणूस एकच.

हिवाळ्याचं फारसं काही सांगण्यासारखं नाही. खाडीवर बदकं असतात, ती लांब असतात, आणि लांब असलेल्या पक्ष्याशी माझं भांडण नाही. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याने मी आधीच थरथरत असल्यामुळे वेगळं थरथरणं उठून दिसत नव्हतं. पण तिथे एका रविवारी मी कादंबरीला त्या म्हाताऱ्यांमध्ये बोलताना ऐकलं. ऐंशी ओलांडलेल्या मिझुनो-सानना ती भराभरा जपानीत काहीतरी समजावत होती, हातवारे करत, मध्येच हसत. मी गाठी सोडवत बसलो होतो बुटाच्या, त्या सुटेनात, कारण डोळे भरल्यामुळे दिसत नव्हतं. मामा, तेव्हाच मी ठरवलं की काही झालं तरी हिचं हे मंडळ सुटता कामा नये. माझी ही भीती कळली तर ती मला बरोबर नेणार नाही, मी नाही गेलो तर नियमाने तिलाही जाता येणार नाही, आणि मग पोर पुन्हा खिडकीशी. या एका गोष्टीला मी कावळ्यांपेक्षाही घाबरतो, आणि कावळ्यांना मी किती घाबरतो ते आता सांगतो.

तोक्योतला कावळा आपल्याकडच्या डोमकावळ्यापेक्षाही थोराड असतो. मे महिन्यात त्याची पिल्लं घरट्यात असतात आणि मग तो जाणाऱ्या-येणाऱ्याच्या डोक्यावर मागून येऊन लाथ मारतो. हे मी मनचं सांगत नाही. आमच्या बागेत झाडाला सूचनेचा फलकच लावलाय, त्यावर रागावलेला कावळा आणि पळणारा माणूस आहे. (माणसाला टक्कल आहे. चित्र माझ्या येण्याआधीचं आहे, असं अनघा म्हणते.) यावर उपाय म्हणून ओकुबो-साननी सांगितलं, की दोन्ही हात सरळ वर धरून चालावं, म्हणजे पंख अडतील या शंकेने कावळा खाली येत नाही. मी महिनाभर स्टेशनपासून घरापर्यंत हात वर करून चाललो. एका संध्याकाळी ऑफिसातल्या धीरजने मला तसं पाहिलं आणि सोमवारी तोयोसुच्या ऑफिसात आमच्या साहेबांनी मला बाजूला घेऊन, चहा पाजून, पोलिसांशी काही भानगड झाली आहे का अशी हळूच चौकशी केली. मी नाही म्हणालो. त्यांचा विश्वास बसला नाही. तेव्हापासून मला कोणी जादा काम सांगत नाही, हा एवढाच फायदा.

पावसाळा संपून उन्हाळा लागला (इथे क्रम असा उलटा आहे) तेव्हा मंडळाने कावासाकीच्या बाजूला भराव टाकलेल्या जमिनीवर सुरय बघायला नेलं. सुरय हा दिसायला नाजूक, पांढरा, कोणालाही आवडावा असा पक्षी. तो वाळूत अंडी घालतो आणि जवळ येणाऱ्यांपैकी जो सर्वांत उंच दिसेल त्याच्यावर वरून सूर मारतो. आपल्याकडे मी चारचौघांसारखा. त्या मंडळात मी सर्वांत उंच. पहिल्याच फेरीला माझी टोपी गेली, दुसऱ्या फेरीला टोपी असायला हवी होती असं वाटण्यासारखं काहीतरी डोक्यावर पडलं, आणि मी वाळूत गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून, डोळे मिटून पडून राहिलो. उठलो तेव्हा सगळे माझ्याकडे पाहत होते. ओकुबो-सान म्हणाले, की घरट्याजवळ स्वतःला इतकं लहान करून घेणारा निरीक्षक त्यांनी आजवर पाहिला नव्हता. सगळ्यांनी हलक्या, पक्ष्यांना ऐकू न जाणाऱ्या टाळ्या वाजवल्या. माझ्या तोंडात वाळू होती म्हणून मी काही बोललो नाही.

आणि मग सप्टेंबरात तुमच्या ताईंचा, म्हणजे आमच्या आईचा फोन. सर्वपित्रीला तुझ्या बाबांचं पान ठेव, परदेशात आहेस म्हणून चालढकल नको. ठेवलं मामा. सातव्या मजल्यावरच्या बाल्कनीत, केळीचं पान मिळालं नाही म्हणून कागदी ताटलीत, वडे, खीर, गवारीची भाजी. दार लावून मी काचेआडून पाहत होतो. चिपळूणला कावळ्याची किती वाट बघतो आपण! इथे तो माझा हात मागे येण्याआधी आला, आणि कुटुंबाला घेऊन आला. इथे कावळ्यांना खायला घालणं म्हणजे शेजाऱ्यांशी वैर, त्यामुळे मी दिवसभर काचेच्या आत उभा राहून त्यांना हातानेच जा जा करत होतो. बाबांना जा म्हणतोय असंही वाटत होतं. फार वाईट गेला तो दिवस.

दुसऱ्याच दिवशी मंडळाची सहल. उरलेले वडे मी डब्यात घेतले, ही चूक. किनाऱ्यावर काळ्या तोंडाचा चमचा नावाचा दुर्मिळ पक्षी उतरला होता, सगळे श्वास रोखून दुर्बिणीला डोळे लावून उभे, आणि मी मागे बाकावर डबा उघडला. डोमकावळा बाकाच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसला. वडा उचलला. मी ओरडलो. चमचा उडाला, कावळा मात्र बसून राहिला. ज्याच्यासाठी हे लोक पहाटेच्या गाडीने आले होते तो पक्षी समुद्रावर दिसेनासा झाला, आणि कोणीही मला एक शब्द बोललं नाही. मामा, जपानी माणसं काही बोलली नाहीत की जे वाटतं ते कोंबड्याच्या वेळीही वाटलं नव्हतं. कादंबरीचा चेहरा उतरला. आता हे आपल्याला काढून टाकणार, या धास्तीने मी सुचेल त्या जपानीत खरं ते सांगून टाकलं. काल आमच्याकडे पितरांचा दिवस होता, पितर कावळ्याच्या रूपाने जेवायला येतात, आणि वडे माझ्या वडिलांना फार आवडायचे.

ओकुबो-साननी टोपी काढली. मग मिझुनो-साननी. मग सगळं मंडळ बाकासमोर ओळीने उभं राहिलं आणि कमरेत वाकून कावळ्याला नमस्कार करू लागलं. वडील म्हटल्यावर मलाही वाकणं भाग होतं. माझं डोकं त्याच्या चोचीपासून वीतभर अंतरावर, डोळे घट्ट मिटलेले. खरं सांगतो, मी मनात म्हणालो, बाबा असाल तर ओळखाल, आणि नसाल तर कृपा करून कानाला धरू नका. तो उरलेला वडा घेऊन गेला. बाबांनीही तेच केलं असतं.

या प्रकाराचं फळ गेल्या रविवारी मिळालं. मे महिन्यात मंडळ कावळ्यांच्या घरट्यांची पाहणी करणार आहे. झाडाखाली जाऊन, वर बघत. तिचं नेतृत्व, कावळ्यांशी घरगुती संबंध असल्यामुळे, एकमताने माझ्याकडे आलं. कादंबरीने सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. मी दाईजोबू म्हणालो, म्हणजे काही हरकत नाही. तेव्हापासून मला जेवण जात नाही.

मामींना नमस्कार. आईला कावळ्यापुढे सगळ्यांनी टोपी काढली एवढंच सांगा, माझ्या ओरडण्याचं सांगू नका.

तुमचा भाचा,
प्रथमेश

ता. क. मोठी दुर्बीण नको. तुम्हीच या. एप्रिलअखेरीस या आणि जूनपर्यंत राहा. घरचं मोठं माणूस म्हणून मंडळात तुम्ही चालाल, तुमच्यापुढे तर ते फार अदबीने वागतील. कादंबरीला मी सांगेन, की ऑफिसने मला रविवारचं कावासाकीला धाडलंय. मी तिथे स्टेशनात बसून राहीन. गुडघ्याची सबब सांगू नका, घरटी वर असतात, तुम्हाला फक्त मान वर करायची आहे.

ता. क. २. मामाआजोबा, मी कादंबरी. बाबांनी मला पत्रावर बदक काढायला सांगितलं आणि ते खाली कचरा टाकायला गेले. मला बाबांचं अक्षर वाचता येत नाही म्हणून आईने वाचून दाखवलं. आई खूप हसली आणि मग रडली. बाबा घाबरतात ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. ओकुबो-सानना पण माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे, पण आम्ही सांगायचं नाही असं ठरवलंय. मामाआजोबा, तुम्ही या, पण मे महिन्यात येऊ नका. बाबा घाबरले की माझा हात धरतात. एरवी ते फोन धरतात.