धनीबाईला सांगायचं राहिलं

प्रिय लिडिया,
प्रभूमध्ये सलाम.

चालता न येणाऱ्या म्हाताऱ्यांना दर शनिवारी न्हाऊ घालायचा गट तूच सुरू केलास. तू लग्न होऊन सुरतला गेलीस, बाकीच्या मजुरीला पांगल्या. उरलो मी आणि रविना. गेल्या रविवारी मंडळीपुढे मीच सांगितलं, गट बंद. आमेनसुद्धा रागातच म्हटलं.

आज सहज धनीबाईकडे डोकावले. ती केस सोडून, तेलाची बाटली मांडीवर घेऊन बसलेली.

"आज उशीर का गं?"

जिला चर्चला येता येत नाही, तिला कोण सांगणार होतं!

तिच्याच चुलीवर पाणी ठेवून लिहितेय. हे पत्र टाकणार नाही. वाचून सासरहून धावत येशील.

पाणी तापलं. उठते.

तुझी,
एस्तेरमावशी