भिंतीवरचं बटण

बेलापूर, आश्विन शुद्ध नवमी, संध्याकाळ



आज खंडेनवमी. सकाळी शेडमधल्या माझ्या लोखंड कापायच्या छोट्या मिलिंग मशीनची पूजा केली, मंत्र एकही न चुकता म्हटले. बायकोने, सुमनने, त्याला हार घातला आणि मला बजावलं, "अहो, आज त्याला सुट्टी हाय. चालवायचं न्हाई." पण नवी मोटर कालच बसवलेली! दुपारी म्हटलं, लोखंडाच्या तुकड्यावर एकच हात मारून बघू. हार काढायचं मात्र सुचलं नाही. पंडित ना आम्ही.

मशीन सुरू झालं आणि हाराचा दोरा फिरत्या कटरमध्ये गुंतला. पूजेचा हार तुटू नये म्हणून सुमनने हात घातला. "अगं, हात काढ!" मी ओरडलो. पण बंद करायचं बटण? ते मीच मागच्या भिंतीवर नेलेलं, लोखंडाचा कीस उडून खराब होऊ नये म्हणून. केवढी सुधारणा! वळसा घालून तिथे पोचेपर्यंत तिची बांगडी फुटली होती. मनगट वाचलं ते तिनेच हात मागे ओढला म्हणून. मी फक्त ओरडलो.

"बटणाची लई काळजी हाय तुमाला," एवढंच म्हणाली.

बटण तिकडे नेताना ही शेडमध्ये येते-जाते, हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही?

संध्याकाळी ते बटण मशीनच्या पुढच्या अंगाला लावलं, तिचा हात पोचेल असं. चहा घेऊन आली तेव्हा तिने ते दाबून पाहिलं. मशीन बंदच होतं. तरी पुन्हा एकदा दाबलं.